तिसरी किल्ली

"गाडीची रिमोटवाली किल्ली घरच्या घरी तयार करता येते. त्याला डोकं लागतं, मेकॅनिक लागत नाही."

हे वाक्य माझं. शनिवार पेठेतल्या गाडीच्या सामानाच्या एका दुकानात, काउंटरवर कोपर टेकवून, चार-पाच गिऱ्हाइकांच्या देखत मी ते म्हटलं होतं. दुकानदार कोरा रिमोट कागदात गुंडाळत होता. त्यानं एवढंच विचारलं होतं, "गाडी इथे आणता का? दहा मिनिटांत रिमोट शिकवून देतो." मला हसूच आलं. मी हिंजवडीतल्या कंपनीत रिलीज मॅनेजर. परदेशातल्या तीन बँकांची यंत्रणा माझ्या 'हो'शिवाय बदलत नाही, आणि हे गृहस्थ मला दोन बटणांचं डबडं शिकवणार! तसं मी त्यांना म्हटलंही.

"बरं," दुकानदार म्हणाला. "मग सोमवारी या. रविवारी दुकान बंद असतं."

मी कशाला येईन सोमवारी, असा विचार करत मी बाहेर पडलो. त्या वाक्यातला खोचकपणा कळायला मला रविवार उजाडावा लागला.

मुळात कोरा रिमोट आणायची वेळ का आली, ते सांगतो. आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये दाराशेजारी एक प्लायवूडची फळी आहे. तिला आठ हुक, प्रत्येक हुकाखाली चिठ्ठी आणि सगळ्यांच्या वर माझ्या अक्षरात पाटी: 'किल्ली वापरून झाल्यावर जागेवर लावावी. जागा ही आहे.' लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात मी ही फळी ठोकली. माझी बायको रुपाली वस्तू कुठेही ठेवते, असं माझं मत होतं. मत होतं म्हणजे मी ते रोज बोलून दाखवत असे.

आणि दीड महिन्यापूर्वी चौथ्या हुकावरची किल्ली, 'गाडी – दुसरी', हरवली. माझ्याकडून हरवली.

सगळं घर उलटंपालटं केलं, अर्थात रुपाली पॅथॉलॉजी लॅबमध्ये असताना. गादीखाली बघितलं, गव्हाच्या डब्यात हात घातला. किल्ली नाहीच. आता हे बायकोला सांगायचं कसं? त्याच आठवड्यात तिला कात्री सापडेना, तेव्हा मी तिला 'वस्तूंना जागा आणि माणसाला शिस्त' या विषयावर पाऊण तास ऐकवलं होतं. मधे पाणी पिऊन पुन्हा सुरुवात केली होती. त्यानंतर 'माझी किल्ली हरवली' हे तीन शब्द माझ्या तोंडून बाहेर पडणं शक्यच नव्हतं.

"चौथा हुक रिकामा दिसतोय," रुपाली म्हणाली.

"ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवलीये," मी बेधडक म्हणालो. "आम्ही आयटीतले लोक बॅकअप नेहमी दुसऱ्या जागी ठेवतो. एका जागी आग लागली तर?"

"बरोबर आहे," ती म्हणाली. "उद्या येताना घेऊन ये मग. मला लायसन मिळालंय आता. दुसरी किल्ली माझी."

मग रोज संध्याकाळी मी कंपनीच्या बसमधून उतरून घरात पाऊल टाकलं की तिचा एकच प्रश्न. किल्ली आणलीस? कधी विसरलो, कधी ड्रॉवर अडकला, एकदा तर मी आमच्या मजल्यावर फायर ड्रिल घडवून आणली. ती प्रत्येक वेळी शांतपणे मान हलवायची. मला तिची दया यायची. बिचारी किती विश्वास ठेवते आपल्यावर, असं वाटायचं.

अखेर तिनं तारीखच ठरवली. रविवारी दुपारी ती एकटी गाडी चालवत कात्रजला आईकडे जेवायला जाणार होती. आईला फोन करून सांगूनही झालं होतं. मी बरोबर येतो म्हटलं, तर म्हणाली, "नको. तू शेजारी बसून ब्रेक दाबतोस. त्या बाजूला ब्रेक नसतो."

म्हणजे रविवारी बारापर्यंत चौथ्या हुकावर चालू किल्ली लटकायला हवी होती. नाहीतर माझी फळी, माझी पाटी आणि लग्नानंतरची पाच वर्षं दिलेली सगळी भाषणं माझ्याच डोक्यावर पडणार होती.

लोखंडी किल्लीची नक्कल मंडईजवळच्या किल्लीवाल्यानं घासून दिली. रिमोट आणलेला होताच. उरलं फक्त गाडीला त्या रिमोटची ओळख करून देणं. त्यासाठी रिमोटबरोबर एक चिठोरी आली होती, इंग्रजीत, पण असं इंग्रजी मी बँकेच्या करारातसुद्धा वाचलेलं नव्हतं. पायऱ्या सहा. पहिल्या चार वाचून माझ्या सगळं लक्षात आलं. उरलेल्या दोन वाचायची गरज वाटली नाही.

"गाडी जरा पुसून घेतो," असं सांगून मी साडेदहाला खाली उतरलो.

पार्किंगमध्ये आमचे वॉचमन दत्तोबा खुर्चीत बसून डुलत होते. मला गाडीत शिरताना बघून ते उठून आले.

"काय बिघडलंय काय, सायेब?"

"बिघडलं नाही, दत्तोबा. गाडीला नवीन रिमोट शिकवतोय."

"गाडी शिकती व्हय?"

"शिकवणारा हवा," मी म्हणालो.

कृती सोपी होती. सगळी दारं लावून आत बसायचं. किल्ली तीनदा पुढे-मागे फिरवायची. डॅशबोर्डखाली एक लपलेलं बटण असतं, ते दाबून धरायचं. गाडी 'कुई' करते. म्हणजे तिचा कान उघडा आहे. मग दहा सेकंदांत नव्या रिमोटचं बटण दाबायचं. गाडी 'कुई कुई' करते. म्हणजे तिला समजलं.

ते लपलेलं बटण सापडायला मला वीस मिनिटं लागली. मी सीटवर उलटा झालो होतो. डोकं ब्रेकपाशी आणि पाय मागच्या काचेला. त्यात सीट पुन्हा पुढे सरकलेली. हा एक वेगळाच ताप होता. महिनाभर मी गाडीत बसलो की गुडघे स्टिअरिंगला लागायचे. पोट वाढलं आणि माणूस फुगत चालला, असा निष्कर्ष काढून मी रात्रीचा भात सोडला होता. गाडी पेट्रोलही जास्त खात होती, त्यावरून मी पंपावर दोनदा भांडून आलो होतो.

तर बटण सापडलं. किल्ली तीनदा फिरवली, बटण दाबलं. कुई! मी रिमोट शोधायला लागलो. तो खिशात होता आणि मी त्याच खिशावर बसलो होतो. दहा सेकंद संपली. पुन्हा सगळं पहिल्यापासून. या वेळी रिमोट हातात होता, पण घामानं निसटून सीटखाली गेला. तिसऱ्या वेळी दत्तोबांनी मदत म्हणून बाहेरून दार उघडलं, "सायेब, च्या आणू का?" दार उघडलं की कृती रद्द.

चौथ्या वेळी मी दत्तोबांना दहा पावलं लांब उभं केलं. रिमोट दातात धरला. किल्ली तीनदा. बटण. कुई! मी रिमोट दातांतून काढतोय न काढतोय, तोच गाडी बोलली, कुई कुई!

झालं! मी बटण दाबायच्या आधीच झालं असं क्षणभर वाटलं, पण यशाच्या वेळी माणूस फार खोलात जात नाही. समोरच्या रांगेतूनही एक कुई ऐकू आली. पार्किंगमध्ये आवाज घुमतो, असं मी धरून चाललो.

ऐटीत बाहेर आलो, दार लावलं आणि दत्तोबांसमोर नवा रिमोट दाबला. गाडी ढिम्म. पुन्हा दाबला. ढिम्म. हरकत नाही, म्हणून माझा जुना रिमोट दाबला. तरीही ढिम्म! सहा वर्षं माझ्या एका बोटावर उठबस करणारी गाडी मला ओळखेना.

आणि मी दोन्ही हातांत दोन रिमोट धरून उभा असताना, कुणीही काहीही न दाबता, गाडीची चारही कुलपं आपोआप लागली. दिवे मिचकावले. थोड्या वेळानं उघडली. पुन्हा लागली.

दत्तोबा एक पाऊल मागे सरले. "सायेब, बाधा हाय. अवसेला कुठं गेलता का गाडी घिऊन?"

"बस चुकली म्हणून हिंजवडीला गेलो होतो," मी म्हणालो.

"मंग काय सांगावं," दत्तोबा म्हणाले आणि लिंबू आणायला गेले.

मी गाडीत शिरून पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं म्हटलं. आत बसलो, दार लावलं आणि कुलपं लागली. मी आतून दार उघडलं. गाडीच्या दृष्टीनं हा चोर झाला. सायरन सुरू झाला. साधासुधा सायरन नाही. आधी रुग्णवाहिका, मग पोलीस, मग कोंबडा, मग पुन्हा रुग्णवाहिका. सहा वर्षांपूर्वी हा सायरन निवडताना मीच दुकानात म्हणालो होतो, मोठा द्या.

गॅलऱ्यांमध्ये माणसं आली. रविवार सकाळ, सगळे घरात, आणि करमणुकीला दुसरं काही नाही. तेवढ्यात जिन्यातून रंगराव उतरले.

रंगराव तिसऱ्या मजल्यावर राहतात. टेलिफोन खात्यातून निवृत्त आणि आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. पांढरा झब्बा, हातात गाडीची किल्ली. आवाज न चढवता माणसाला जमिनीत गाडण्याची विद्या त्यांना अवगत आहे.

"शुभंकरराव," ते कानात बोट घालून म्हणाले, "आपली गाडी आजारी आहे, की आपण?"

"जरा तांत्रिक अडचण आहे, काका."

"तसं असेल तर आपण लांब व्हा. गाडीनं कसं वागावं ते बघा." त्यांनी समोरच्या रांगेतल्या आपल्या गाडीकडे हात केला आणि रिमोट दाबला. त्यांची गाडी म्हणाली, कुई. माझी गाडीही म्हणाली, कुई. आणि सायरन बंद पडला.

पार्किंगमध्ये एकदम शांत झालं. रंगरावांनी पुन्हा दाबला. दोन्ही गाड्यांची कुलपं उघडली. पुन्हा दाबला. दोन्हींची लागली. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी सोसायटीच्या वार्षिक सभेतसुद्धा कधी बघितला नव्हता.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सहा वर्षांपूर्वी याच रंगरावांनी दुकानदाराशी घासाघीस करून, बारा गाड्या एकदम आणतो म्हणून, सोसायटीतल्या बारा जणांना एकाच कंपनीची अलार्मची यंत्रणा सवलतीत बसवून दिली होती. एकच यंत्रणा, एकच भाषा. आणि रंगरावांची एक सवय अख्ख्या सोसायटीला ठाऊक आहे. अंघोळीच्या आधी आणि नंतर ते गॅलरीत येतात आणि गाडी नीट बंद आहे ना, म्हणून तीन-चार वेळा रिमोट दाबून बघतात. माझ्या गाडीनं कान उघडला, मी रिमोट दातात धरून बसलो होतो, आणि वरून रंगरावांनी दाबला. तिनं त्यांनाच मालक मानलं.

"म्हणजे आजपासून ही गाडी माझी," रंगराव म्हणाले. "असू द्या. तुम्हाला उघडून हवी असेल तेव्हा फोन करत चला. फक्त एक ते चार करू नका."

दत्तोबा लिंबू-मिरची घेऊन आले. रंगरावांनी ती त्यांच्याकडून घेतली, क्षणभर विचार केला आणि माझ्या हातात दिली.

आणि नेमकी तेव्हा रुपाली खाली आली. आबोली रंगाची साडी, खांद्याला पर्स, हातात आईसाठी डबा. बारा वाजायला पाच मिनिटं होती. ती फार खुशीत होती. आता हिला सांगावं लागणार. किल्ली हरवली, नवी झाली नाही, जुनीही गेली आणि गाडी रंगरावांची झाली. आईकडे पहिल्यांदा स्वतः गाडी चालवत जायचं म्हणून ती आठवडाभर नाचत होती आणि मी ते मातीत घातलं होतं. खरं सांगतो, त्या क्षणी मला फळीची आणि पाटीची काही पडली नव्हती. नुसतं वाईट वाटत होतं.

मी तोंड उघडलं. पण तिनं माझ्याकडे बघितलंच नाही. ती सरळ गाडीपाशी गेली, पर्समध्ये हात घातला आणि एक किल्ली काढली. तिला रिमोट लटकत होता. रिमोटवर मी सहा वर्षांपूर्वी चिकटवलेली चिठ्ठी होती: 'गाडी – दुसरी'.

तिनं बटण दाबलं. काही झालं नाही. तिनं कपाळाला आठ्या घातल्या.

"अरे, हिला काय केलंस? कालपर्यंत चालत होती."

"कालपर्यंत?" मी विचारलं.

रंगराव वर बघायला लागले. दत्तोबांना मात्र गुपित ठेवायचं असतं हे कुणी सांगितलेलं नसावं.

"वैनी लॅबला जायच्या आदी रोज अकराला न्हेत्यात की गाडी," ते म्हणाले. "सेक्रेटरीसायब शिकिवत्यात. आता येक नंबर चालिवत्यात. परवा तर रिव्हर्समदी गेट काढलं."

"गेट काढलं म्हणजे गेटातून बाहेर काढली," रंगरावांनी खुलासा केला. "गेट शाबूत आहे."

माझ्या डोळ्यांसमोरून सगळं एका रांगेत गेलं. पुढे सरकलेली सीट. पेट्रोल. पंपावरची भांडणं. महिनाभराचा भात!

"तुला कुठे मिळाली ती?" मी क्षीण आवाजात विचारलं.

"तुझ्या पॅंटच्या खिशात. इस्त्रीवाल्यानं आणून दिली, कपड्यांवर ठेवून." रुपाली डबा बॉनेटवर ठेवत म्हणाली. "त्याच दिवशी सांगणार होते. पण तू कात्रीवरून बोलत होतास. पाऊण तास. मग म्हटलं, बघू या आपला नवरा कधी सांगतो."

"दीड महिना?"

"मला वाटलं होतं, आठवडाभरात सांगशील. ड्रॉवर ऐकलं, फायर ड्रिल ऐकली. फायर ड्रिल मला आवडली."

बॉनेटवरच माझी चिठोरी पडली होती. रंगरावांनी चष्मा लावून ती उचलली आणि टेलिफोन खात्याच्या सुरात वाचली. "पायरी पाचवी. शिकवणी सुरू होताच यंत्र आधीचे सर्व रिमोट विसरते. पायरी सहावी. म्हणून जुने-नवे सर्व रिमोट जवळ घेऊनच सुरुवात करावी." त्यांनी चष्मा काढला. "शुभंकरराव, आपण बॅंकांचं नक्की काय काम बघता?"

रुपालीनं चिठोरी घेतली, एकदा सगळी वाचली, सहाही पायऱ्या. मग ती कामाला लागली. रंगरावांचा रिमोट तिनं मागून घेतला आणि दत्तोबांकरवी पार गेटबाहेर, पानाच्या टपरीपर्यंत पाठवला.

"सगळ्या किल्ल्या इकडे दे," ती गाडीत बसून मला म्हणाली. मी नवी किल्ली दिली, माझा जुडगाही दिला. तिनं ते मांडीवर ओळीनं ठेवले. किल्ली तीनदा, बटण, कुई. कुई कुई. कुई कुई. कुई कुई. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

"सुटलो बुवा," मी म्हणालो.

"मी जाऊ?" तिनं विचारलं. आणि सीट पुढे ओढली. तो 'खट्' आवाज ऐकून मला भाताची फार आठवण झाली.

गाडी सुरू झाली, मागे आली, वळली आणि एकदाही बंद न पडता गेटमधून बाहेर गेली. खरंच सुरेख चालवत होती. दत्तोबांनी सलाम ठोकला. रंगराव म्हणाले, "क्लच हळू सोडायला मी शिकवलंय." मी हात हलवत राहिलो. अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

मग मी वर गेलो. दारासमोर उभा राहिलो. खिशात हात घातला.

घराची किल्ली माझ्या जुडग्यात होती. जुडगा रुपालीच्या मांडीवर होता. आणि मांडी कात्रजच्या वाटेला लागली होती. घराची दुसरी किल्ली अगदी जागेवर होती, फळीवर, हुक नंबर एकला. फळी दाराच्या आत होती.

तिला फोन करता येईना, कारण गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, हा नियम मीच तिला लिहून दिला होता. रंगरावांची बेल वाजवली. त्यांनी दार अर्धंच उघडलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "या, बसा. पण एकला आमच्याकडे आडवं व्हायची पद्धत आहे." एकला मी पुन्हा खाली होतो. शेवटी दत्तोबांनी आपल्या डब्यातली अर्धी भाकरी आणि ठेचा माझ्या हातावर ठेवला. लिंबूही होतंच.

दीडच्या सुमाराला रुपालीचा फोन आला.

"पोचले केव्हाच! पूल, चढ, सगळं नीट. आई दारात उभी होती. पहिल्या खेपेतच गाडी लावली, तिच्यासमोर." तिचा आवाज आनंदानं ओथंबला होता. "तू काय करतोयस?"

"काही नाही. निवांत जेवतोय," मी म्हणालो.

"घरी?"

"घरीच... म्हणजे... हो."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दत्तोबा माझ्याकडे बघत होते. त्यांनी ठेचा पुढे केला. मी चार घास खाल्ले. मग फोन उचलला आणि तिला लावला.

"रुपाली, ऐक. मी घराबाहेर आहे. किल्ली माझ्याकडे नाहीये."

"माहितीये," ती म्हणाली. "माझ्यापुढेच पडलीये. कोपऱ्यावर वळतानाच दिसली. म्हटलं, बघू या कधी सांगतो."

मी भाकरीचा तुकडा मोडला.

"मागच्या वेळी दीड महिना लागला होता," पलीकडून हिशेब चालला होता. "या वेळी तीन मिनिटं. सुधारणा आहे! येते पाचपर्यंत."

चौथ्या हुकावर आता नवी, तिसरी किल्ली असते; दुसरी रुपालीची. पाटी अजून तिथेच आहे. फक्त तिच्याखाली रुपालीच्या अक्षरात एक ओळ वाढली आहे: 'हरवल्यास त्याच दिवशी सांगावे.' आणि हो, भात पुन्हा सुरू केलाय. गुडघे अजूनही स्टिअरिंगला लागतात, पण आता मी कारण विचारत नाही.